दुधाच्या दातांची कीड ड्रिलशिवाय थांबवणं : एसडीएफ, हॉल कॅप आणि अंगणवाडी

अनघा_बालदंत

तीन ते पाच वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात किडले की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. "दुधाचे आहेत, पडतीलच" किंवा "भूल देऊन सगळे एकदम करून टाकू". या दोन्हींच्या मधली वाट संशोधनाने आता चांगली पक्की केली आहे. ती आपल्याकडे फारशी वापरली जात नाही याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हा धागा.

ती वाट म्हणजे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (एसडीएफ), किडीवर ब्रशने लावायचं, कीड थांबवणारं द्रावण. १९६० च्या दशकात जपानमध्ये ओसाका विद्यापीठात यावर काम झालं आणि १९७० मध्ये 'सॅफोराइड' नावाने तिथे मंजुरी मिळाली. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये परवानगी दिली, तीही सेन्सिटिव्हिटीवरचा उपाय म्हणून. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एसडीएफ, दातात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइड टूथपेस्ट या तिन्ही गोष्टी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या.

हाँगकाँगच्या बालवाड्यांतल्या ८८८ मुलांवरची ३० महिन्यांची चाचणी (निष्कर्ष २०१८) मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्यात थांबलेल्या किडीचं प्रमाण असं आलं: १२ टक्के द्रावण वर्षातून एकदा ५५.२, दोनदा ५८.६, ३८ टक्के द्रावण वर्षातून एकदा ६६.९, दोनदा ७५.७ टक्के. म्हणजे ३८ टक्केच वापरायचं आणि दर सहा महिन्यांनी लावायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (आरबीएसके) पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतंच, आणि तपासणीच्या यादीत दातांचे आजारही आहेत. औषधाचं वेळापत्रक आणि पथकाचं वेळापत्रक आयतंच जुळतंय. मग ही सांगड का घालू नये? यात काय काय बिघडू शकतं ते जाणकारांनी सांगावं.

निशिगंध

काळा डाग कायमचा राहतो ना? नंतर येणारा पक्का दातही काळा येतो का?

अनघा_बालदंत

निशिगंध, पक्क्या दाताला काहीही होत नाही, तो हाडात असतो. काळी पडते ती फक्त किडलेली जागा, आणि ती दुधाच्या दाताबरोबर पडून जाते. निरोगी इनॅमलवर (दाताच्या वरच्या कवचावर) डाग धरत नाही. मात्र इनॅमलवर खडूसारखे पांढरे पट्टे असतील, म्हणजे किडीची पहिली पायरी, तर तिथे डाग धरू शकतो. पालकांना हे लावण्याआधी सांगावं लागतं, आणि तेही फोटो दाखवून. "थोडं काळपट होईल" एवढ्या मोघम बोलण्यावर संमती घेऊ नये.

भालचंद्र_एस

लावायची पद्धत सविस्तर लिहितो. "नुसतं फासायचं" म्हणून जे हलक्यात घेतात, त्यांच्याकडे ते फसतं.

आधी दाताची निवड. गोड किंवा गार लागल्यावर कळ येऊन लगेच थांबत असेल तर चालतं. रात्री झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुटकुळी किंवा गळू, दात हलणं, पोकळीच्या तळाशी नस उघडी दिसणं, यातलं काहीही असेल तर एसडीएफ लावायचं नाही. तिथे नसेचा उपचार किंवा दात काढणं हाच मार्ग. चांदीची अ‍ॅलर्जी असेल किंवा तोंड आलेलं, हिरड्या सोललेल्या असतील तरीही नाही.

ओठांना आणि आजूबाजूच्या हिरडीला व्हॅसलिनचा पातळ थर द्या. किडलेल्या भागावर व्हॅसलिन जाऊ देऊ नका, तिथे औषध शिरत नाही. मऊ कीड खरवडून काढायची गरज नाही. फक्त अडकलेलं अन्न आणि चिकट थर ओल्या गॉजने किंवा ब्रशने काढा. कॉटन रोल लावा, कापसाने किंवा हवेने कोरडं करा.

एक थेंब प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत घ्या, धातूच्या नाही. मायक्रोब्रशचं टोक वाकवा, बुडवा आणि वाटीच्या कडेला टेकवून जास्तीचं औषध काढून टाका. किडीवर एक मिनिट टिपत राहा. मूल शांत असेल तर तीन मिनिटं कोरडं राखा, नाहीतर जमेल तेवढं. शेवटी गॉजने जास्तीचं टिपून घ्या.

दोन ते चार आठवड्यांनी पाहायचं. काळं, चकचकीत आणि गोल टोकाच्या प्रोबला टणक लागलं तर कीड थांबली. तपकिरी, निस्तेज आणि मऊ लागलं तर पुन्हा लावा. टोकदार एक्सप्लोरर रुतवून बघायची जुनी सवय सोडावी, त्याने कडक होत आलेला थर फुटतो.

आणि हो, त्या दिवशी मुलाला नवा पांढरा सदरा घालून आणू नका असं आईला आधीच सांगून ठेवा. :)

गोदाकाठ

सदऱ्यावरून: कातडीवरचा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातो. तिथल्या तिथे मिठाच्या पाण्याने पुसला तर बराच कमी होतो. कापडावरचा, फरशीवरचा, कपाटाच्या सनमायकावरचा कायमचा. वाटीखाली प्लास्टिकचं आवरण असलेला बिब ठेवायचा आणि बाटली लगेच बंद करायची. बाटली उघडी राहिली की अमोनिया उडून जातो. थेंबात खडे दिसायला लागले तर ती बाटली टाकून द्यावी.

रसायनी

हे काम नेमकं कसं करतं त्याबद्दल थोडं. द्रावण अल्कधर्मी असतं, पीएच १० च्या आसपास. त्यात चांदी शेरात पावशेर म्हणावी इतकी, साधारण २५ टक्के, आणि फ्लोराइड सुमारे ४४,८०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). तुलनेला, दातांवर लावायच्या फ्लोराइड व्हार्निशमध्ये २२,६०० आणि भारतातल्या टूथपेस्टमध्ये कायद्याने जास्तीत जास्त १,०००.

चांदी जंतूंना मारते. शिवाय दाताच्या आतल्या थरातलं, म्हणजे डेंटिनमधलं कोलॅजन कुरतडणारी विकरंही ती रोखते. फ्लोराइड उरलेल्या खनिजाला पुन्हा बसायला मदत करतं. चांदीने मेलेले जंतू मागाहून आलेल्या जिवंत जंतूंनाही मारतात असं प्रयोगशाळेत २०१५ मध्ये दाखवलं गेलं. थोडक्यात, कीड लागलेला भाग स्वतःच औषधाचा साठा होतो. म्हणूनच मऊ भाग खरवडून काढला तर फायदा वाढत नाही. हाँगकाँगच्या संशोधकांनी ३७५ मुलांच्या वरच्या पुढच्या दातांवर केलेल्या चाचणीतही (२००२) आधी कीड काढल्याने थांबलेल्या किडीच्या संख्येत फरक पडला नव्हता.

पणजीकर

४४,८०० पीपीएम वाचून पालक पळून जातील. दोन वर्षांच्या पोराच्या तोंडात हे घालणं सुरक्षित आहे?

रसायनी

पणजीकर, पीपीएम ही तीव्रता झाली, मात्रा नव्हे. हिशेब मांडून दाखवतो. एक थेंब म्हणजे २५ मायक्रोलिटर. त्यात ९.५ मिलिग्रॅम एसडीएफ, म्हणजे सुमारे १.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. फ्लोराइडची धोक्याची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १० किलोच्या मुलाला ५० मिलिग्रॅम. थेंबातलं सगळंच्या सगळं गिळलं असं धरलं तरी आपण तिच्या चाळिसाव्या हिश्श्याच्याही आत आहोत. प्रत्यक्षात ब्रशवर थेंबाचा थोडासाच भाग येतो. नियम सोपा: वजनाच्या दर १० किलोला एका भेटीत जास्तीत जास्त एक थेंब. एका थेंबात पाच दात सहज होतात.

जपण्यासारखी गोष्ट म्हणजे बाटलीच्या तोंडानुसार थेंब लहान-मोठा पडतो. म्हणून थेंब वाटीत मोजूनच घ्या. बाटलीत ब्रश बुडवू नका, त्यात मोजमापही जातं आणि निर्जंतुकपणाही.

विदर्भवासी

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पोरांचे दात आधीच पिवळे-तपकिरी. अशा गावात पुन्हा फ्लोराइडचं औषध घेऊन गेलात तर गावकरी उभं करणार नाहीत, आणि त्यांचं काय चुकलं?

रसायनी

विदर्भवासी, शंका रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फ्लोरोसिस (दातांवरचे हे पिवळे-तपकिरी डाग) होतो तो दात हाडात तयार होत असताना रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडने. वरच्या पक्क्या पुढच्या दातांसाठी सगळ्यात नाजूक काळ साधारण १५ ते ३० महिन्यांचा. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइडचं पाणी मूल रोज एक लिटर पीत असेल तर रोज ३ मिलिग्रॅम पोटात जातं. त्यासमोर सहा महिन्यांतून एकदा १.१ मिलिग्रॅम, तेही बहुतेक दातावरच राहणारं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा. त्या गावात लढाई पाण्याची आहे. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत त्यासाठीच बसवली.

विदर्भवासी

हिशेब पटला. तरी गावात आधी पाण्याचा अहवाल वाचून दाखवा आणि मग औषधाचं बोला. क्रम उलटा झाला की विश्वास जातो. आणखी एक: फ्लोरोसिसचे तपकिरी डाग आणि थांबलेली कीड यांची गल्लत होते. फ्लोरोसिसचे डाग जोडीच्या दोन्ही दातांवर सारखे, आडव्या पट्ट्यांत दिसतात आणि पृष्ठभाग सहसा टणक असतो. कीड हिरडीलगत, दातांच्या फटीत नाहीतर दाढेच्या खाचेत बसते. पथकाला हे फोटोंवर शिकवावं लागेल.

मीनलक

सगळा धागा एसडीएफकडे झुकलाय, म्हणून दाढांबद्दल लिहिते. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात, पण दुधाची दुसरी दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. चार वर्षांच्या मुलाची ही दाढ दोन दातांच्या फटीतून किडली असेल तर तिला अजून सहा-आठ वर्षं चावायचं आहे. तिथे माझी पसंती हॉल कॅपला.

स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची ही पद्धत. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, कीड काढायची नाही. स्टीलची तयार कॅप ग्लास आयोनोमर सिमेंटने दाढेवर बसवायची. आतल्या जंतूंना अन्न मिळत नाही, कीड थांबते. स्कॉटलंडमधल्याच १३२ मुलांच्या चाचणीत पाच वर्षांनी नस सडणं, गळू होणं यांसारखं मोठं अपयश हॉल कॅपमध्ये ३ टक्के आणि नेहमीच्या फिलिंगमध्ये १६.५ टक्के निघालं. फिलिंग पडणं-झिजणं धरलेलं किरकोळ अपयश ५ विरुद्ध ४२ टक्के.

फसतं कुठे? दाढा घट्ट चिकटलेल्या असतील तर कॅप उतरत नाही. आधी दोन्ही फटींत रबरी सेपरेटर घालून तीन ते पाच दिवस ठेवायचे. कॅप निवडताना दाढ झाकणारी सगळ्यात लहान घ्यायची, कडेला हलका 'स्प्रिंग' जाणवला पाहिजे. बसवून बघताना ती पूर्ण खाली दाबू नका, निघता निघत नाही. मूल बसतं ठेवा आणि घशापुढे गॉज ठेवा, कॅप निसटून घशात जाणं हा इथला खरा धोका. सिमेंट भरपूर भरायचं, कॅपचा दोन तृतीयांश तरी. बोटाने दाबून मग मुलाला कॉटन रोल चावायला द्या आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत सोडू नका. मधे गाठ मारलेल्या फ्लॉसने फटीतलं जास्तीचं सिमेंट काढा. हिरडी पांढरी पडते, ती काही मिनिटांत पूर्ववत होते.

पालक सगळ्यात जास्त घाबरतात ते "आता दातावर दात बसत नाही" म्हणून. चावा उंच होतो हे खरं, पण तो काही आठवड्यांत जुळतो. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कॅप बसवू नका म्हणजे झालं.

चूर्णद्रव

मीनलक, उत्तम. पण अंगणवाडीच्या ओट्यावर कॅपचे सहा-सहा आकार घेऊन कोण बसणार? तिथे एआरटी जास्त व्यवहार्य. १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झालेली ही पद्धत: हाताच्या हत्याराने मऊ कीड काढायची आणि ग्लास आयोनोमर भरायचं. वीज लागत नाही. आधी एसडीएफ लावून नंतर हे भरलं की त्यालाच 'स्मार्ट' पद्धत म्हणतात.

पावडर-लिक्विडच्या सिमेंटचं सांगतो. एक सपाट चमचा पावडरला एक थेंब लिक्विड. बाटली उभी उलटी धरायची. तिरकी धरली की हवेचा बुडबुडा येऊन थेंब लहान पडतो. पावडरचे दोन भाग करून मिसळायचे, अर्ध्या मिनिटात काम संपलं पाहिजे. मिश्रण चकाकत असेपर्यंतच ते दाताला धरतं. चकाकी गेली की फेकून द्या, ते बसल्यासारखं वाटतं आणि महिन्यात निघतं. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात ते डोळ्यांदेखत घट्ट होतं. काचेची पाटी गार पाण्यात बुडवून कोरडी पुसून घ्यावी. पोकळीला आधी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं कंडिशनर दहा-पंधरा सेकंद, मग ओल्या कापसाने धुऊन टिपणं. खडखडीत कोरडं करू नका. भरल्यावर बोटाला व्हॅसलिन लावून दाबा, त्यामुळे सिमेंट खाचांत शिरतं आणि लाळेपासून वाचतं. एक तास काही खायचं नाही.

पणजीकर

मग पुढच्या दातांच्या काळेपणावर हेच सिमेंट का नाही भरत?

अनघा_बालदंत

भरता येतं. कीड थांबली, जागा टणक झाली की वरून ग्लास आयोनोमर किंवा त्याच्या थरावर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. पोटॅशियम आयोडाइडही आहे: एसडीएफ लावल्यावर लगेच लावलं की पिवळट पांढरा साका येतो आणि काळेपणा कमी होतो. पण काळानुसार रंग पुन्हा गडद होतो, आणि गरोदर किंवा थायरॉइडचा आजार असलेल्या व्यक्तीला आयोडाइड चालत नाही. मी पालकांना सरळ विचारते: आता काळा पण न दुखणारा दात, की भूल देऊन पांढरा दात? बहुतेक पालकांना उत्तर द्यायला वेळ लागतो. तो द्यावा.

गोदाकाठ

मुलीच्या बाबतीत आजी-आत्या बोलून बोलून आईला रडवतात हेही लक्षात घ्या. संमती घेताना घरात निर्णय कोण घेतं ते विचारून त्या माणसालाही फोटो दाखवावा.

भालचंद्र_एस

एक गोष्ट मात्र वेगळी मांडतो. एसडीएफचं ७५ टक्के यश हा चाचणीतला आकडा. तिथे मुलं दर सहा महिन्यांनी नक्की सापडत होती. नेपाळमधल्या ९७६ शाळकरी मुलांच्या चाचणीत औषध एकदाच लावलं होतं. दोन वर्षांनी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी कीड थांबलेली राहिली. एकदा लावून "झालं" म्हणणारी शिबिरं मला म्हणूनच पटत नाहीत. फोटो निघतात, बॅनर लागतो, आणि सहा महिन्यांनी तिथे कोणी फिरकत नाही.

रसायनी

भालचंद्र, सहमत. त्यात आणखी एक चाचणी जोडतो, कारण ती सगळ्यांनाच अडचणीत टाकते. ब्रिटनमधली 'फिक्शन', निष्कर्ष २०२०. तीन ते सात वर्षांची, दुधाच्या दाढेत कीड असलेली ११४४ मुलं, ७२ दवाखाने, तीन गट. एकाला नेहमीसारखं कोरून फिलिंग, दुसऱ्याला कीड आत बंद करणं, तिसऱ्याला फक्त प्रतिबंध. सुमारे तीन वर्षांत वेदना किंवा संसर्ग झालेली मुलं अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. तिन्हींत अर्थपूर्ण फरक नाही.

काही जण यावरून "मग काहीच करू नका" असं म्हणतात. मला उलट दिसतं. दाढेत कीड दिसेपर्यंत थांबलात, की पद्धत कुठलीही घ्या, दहातल्या चार मुलांना दुखणं येतं. म्हणजे आपण उशिरा पोचतोय. पहिला दात आल्यापासून पेस्ट, आणि खडूसारखा पांढरा पट्टा दिसताक्षणी व्हार्निश, तिथे जोर लावायला हवा.

मीनलक

आकड्यांबद्दल वाद नाही, पण तुमचा अर्थ अर्धाच पटतो. त्या चाचणीत हॉल कॅप, एआरटी, सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा लेप) सगळं 'कीड आत बंद करणं' या एकाच गटात होतं, आणि कोणत्या दाताला काय करायचं ते ज्या-त्या दंतवैद्यावर होतं. त्यावरून हॉल कॅप चालत नाही असं म्हणता येत नाही. शिवाय लहान मुलाला सुई न टोचता काम झालं याला माझ्या लेखी मोठी किंमत आहे.

निशिगंध

तुम्ही सगळे पेस्ट म्हणताय ती नेमकी कोणती आणि किती? दुकानदार 'गिळली तरी चालते' म्हणून फळांच्या चवीची देतो.

अनघा_बालदंत

ट्यूबच्या मागे फ्लोराइडचा आकडा बघा. मुलांच्या काही पेस्टमध्ये तो ५०० च्या आसपास असतो, काहींत शून्य. कीड रोखण्याचा भरवशाचा पुरावा १,००० पीपीएमचा आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण ०.१ ग्रॅम. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, ०.२५ ग्रॅम. १,००० पीपीएमच्या पेस्टचा वाटाणा सगळा गिळला तरी पाव मिलिग्रॅम फ्लोराइड. दिवसातून दोनदा, त्यातलं रात्रीचं चुकवायचं नाही. थुंकायचं, चूळ भरायची नाही. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा; मुलाला मागे टेकवून, वरचा ओठ उचलून. कीड सुरू होते ती त्या ओठाखाली हिरडीलगतच. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेमुळे वाचतात, म्हणून पालकांना खालचे स्वच्छ दिसतात आणि वरचं कळत नाही.

गोदाकाठ

फ्लोराइड नकोच म्हणणाऱ्यांसाठी हल्ली हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटच्या (दातातल्याच खनिजाच्या) पेस्ट आल्यात. त्यांचं काय?

रसायनी

पोलंडमध्ये २०२३ ची १८ महिन्यांची चाचणी आहे, फ्लोराइड पेस्टपेक्षा ती कमी पडली नाही असा निष्कर्ष. पण ती प्रौढांवर, आणि काही लेखक उत्पादक कंपनीचे कर्मचारी. तीन वर्षांच्या मुलाची कीड त्यावर सोडायला मी तयार नाही. फ्लोरोसिसच्या पट्ट्यातल्या लहान मुलांसाठी पुढे हा पर्याय होऊ शकतो, त्यासाठी मुलांवरच्या स्वतंत्र चाचण्या हव्यात.

सार्वजनिकदंत

अनघाताईंचा मूळ प्रश्न अंगणवाडीचा होता, तो मागे पडलाय.

आरबीएसकेच्या पथकात आयुषचे दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक फार्मासिस्ट. दंतवैद्य नाही. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या 'कॅरिडअवे' चाचणीत नोंदणीकृत परिचारिकांनी लावलेलं एसडीएफ डेंटल हायजिनिस्टने लावलेल्यापेक्षा कमी ठरलं नाही. म्हणजे हात शिकवता येतो. पण दातांवर उपचार करणं आपल्याकडे कायद्याने दंतवैद्याचं काम आहे. शासनाच्या लेखी आदेशाशिवाय आणि नेमून दिलेल्या दंतवैद्याच्या देखरेखीशिवाय पथकाने बाटलीला हात लावू नये.

पुढे निवड. एसडीएफ लावणं सोपं आहे, कुठे *लावायचं नाही* ते ओळखणं अवघड. म्हणून पथकाला तीनच प्रश्न द्यावेत: रात्री दुखतं का, हिरडीवर फोड आहे का, चेहरा सुजलाय का. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर औषध नाही, मूल सरळ जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (डीईआयसी) किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे. फटीतली कीड या तीन प्रश्नांत सापडत नाही, तिला एक्स-रे लागतो. हे पालकांना सांगितलंच पाहिजे, नाहीतर "तपासलं होतं ना?" म्हणून भांडण होतं.

सहावं वर्षही विसरू नका. सहाव्या वर्षी पक्की पहिली दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते. काहीही न पडता आलेली, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात. अंगणवाडी सोडून पहिलीत गेलेल्या मुलाच्या भेटी वर्षातून एकच होतात, आणि नेमकी त्याच वेळी ही दाढ खाचेतून किडायला लागते. कार्यक्रम आखायचा तर शाळेतल्या भेटीही दोन कराव्या लागतील.

विदर्भवासी

आणि ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलं? ऑक्टोबरात गेलेली पोरं एप्रिल-मेपर्यंत गावात नसतात. सहा महिन्यांची दुसरी भेट त्यांची चुकणारच. पहिली भेट जून-जुलैत आणि दुसरी फड सुटून लोक परतल्यावर मेच्या सुमारास ठेवली तर अंतर लांबतं, पण मूल हातचं सुटत नाही.

अनघा_बालदंत

विदर्भवासी, हे माझ्या डोक्यात नव्हतं. अंतर दहा-अकरा महिन्यांचं होईल. हाँगकाँगच्या आकड्यांत वर्षातून एकदा लावूनही ६६.९ टक्के होतेच. अशा मुलांना जूनमध्ये एसडीएफनंतर दाढांच्या पोकळीत सिमेंटही भरून पाठवावं, म्हणजे तोडीच्या हंगामात अन्न अडकणार नाही. ते काम मात्र दंतवैद्याचं, त्यामुळे जूनच्या भेटीला तो बरोबर हवा.

सार्वजनिकदंत, नोंदीचा कागद कसा असावा?

सार्वजनिकदंत

मुलागणिक एक पान, दुधाच्या २० दातांचं चित्र छापलेलं. दर भेटीला प्रत्येक किडलेल्या दातासमोर एकच अक्षर: म म्हणजे मऊ, ट म्हणजे टणक, फ म्हणजे फोड. खाली वजन, घेतलेले थेंब, बाटलीचा बॅच क्रमांक, पालकाची सही किंवा अंगठा आणि पुढची तारीख. एक प्रत अंगणवाडी ताईंकडे, एक पालकाकडे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला ही प्रत लसीकरणाच्या कार्डाला स्टेपल करूनच द्यायची, ते कार्ड लोक जपून नेतात.

चूर्णद्रव

चित्रात दुधाच्या दातांमागे पक्क्या पहिल्या दाढांच्या चार मोकळ्या चौकटीही छापा. दाढ आली की भरायच्या.